अर्धा शंकरपाळा

धामणगाव बढे
५ ऑक्टोबर १९६३

प्रिय मनकर्णा,

सप्रेम नमस्कार. आम्ही बरे आहोत. सोनाळ्याची ज्वारी निसवली का? आमच्या विमलचा ताप काल उतरला.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. विमलसाठी तू सुचवलेलं रोहिणखेडचं स्थळ तुझ्या नात्यातलं. शेषरावांचा सहदेव शिकलेला आहे. शेती आहे, विहिरीला बारमाही पाणी आहे.

हे वाक्य लिहिलं आणि हात थांबला.

सुभद्रा शाळेत आपल्याला काय म्हणायची, आठवतं? तू चौकोन, कारण जागची हलत नाहीस. मी गोल, कारण ढकलतील तिकडे घरंगळते. आणि ती स्वतः त्रिकोण. "मले कसंबी ठेवा, टोक वरतंच राह्यते." शंकरपाळा कोन ते कोन मोडून एक तुकडा तुला द्यायची, एक मला, आणि स्वतःची बोटं चाटायची.

कोजागिरीला भुलाबाईची गाणी म्हणायला मुली ओट्यावर जमल्या. खाऊ ओळखायचा म्हणून मी बंद डबा वाजवला.

"गोल की चौकोनी, काकू?"

"चौकोनी."

मागून कोणीतरी म्हणालं, "चौकोनी काऊन म्हनतं वं, अन्ने? तिकोनी हाय."

मुली हसल्या. मला अन्ने म्हणणारी आता तू एकटीच उरली आहेस, मने.

झाकण उघडलं. दुपारी मीच तळलेला एकेक शंकरपाळा कोन ते कोन मोडलेला होता.

मुली गेल्यावर विमलने विचारलं, "आई, मांगची ते पोरगी कोन होती वं? लुगडं वल्लं होतं तिचं." घटस्थापनेपासून इकडे पाऊस नाही. त्याच रात्री तिला ताप भरला.

नदीच्या पुरात पोहणारी सुभद्रा सासरच्या विहिरीत पाय घसरून कशी बुडाली, हे शेषरावांना कोणीच विचारलं नाही. वर्षाच्या आत त्यांनी दुसरी केली. सहदेव तिचा. पोराचा काही दोष नाही. पण घर तेच, विहीर तीच.

विमल तिथे जाणार नाही. इकडून होकार जायच्या बेतात आहे, आणि घरात हे मला अजून सांगायचं आहे. तुला आधी कळवलं. रागावलीस तरी चालेल.

सोबतच्या पुडीत तुझा अर्धा तुकडा आहे. माझा मी खाल्ला. तळलेला असून ओला लागला.

आपल्या तिघींतली,
अन्नपूर्णा