बोटीच्या बुडाखालचं औषध

३ मार्च, सोमवार
आजपासून रोज डुबकी. ठरलं म्हणजे ठरलं. कर्करोगावरचं औषध समुद्रातल्या पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांतच दडलंय आणि ते मीच काढणार. १४ तारखेला प्रयोगशाळेच्या बैठकीत काहीतरी दाखवलं नाही, तर नोकरी संपली. प्राणी पाण्यात, मी किनाऱ्यावर, एवढीच काय ती अडचण.
पाणी फार थंड. उद्या.

४ मार्च
धक्क्याच्या शिडीपाशी समुद्रसिंह झोपला होता. त्याची झोपमोड करणं बरं दिसेना.

६ मार्च
अक्कल चालवली. साल्वो कोळ्याची बोट दुरुस्तीला वर काढलीय. बुडाला ब्रायोझोआचे हे झुपके! दिसायला शेवाळ, पण अस्सल प्राणी. बादलीभर खरवडले. अंग कोरडं.
साल्वो म्हणाला, अरे वेंडेल, बायको महिनाभर हेच घासायला सांगतेय, तू देवासारखा आलास. कॉफी पाजली.
झुपक्यांबरोबर थोडा लाल रंगही आला. निसर्गात रंग असायचेच.

१० मार्च, दुपारी
अर्क कर्करोगाच्या पेशींवर टाकला. सगळ्या मेल्या! एक उरली नाही! खरंच रडू आलं.
आईला फोन केला. तिने विचारलं, औषधाला तुझंच नाव देणार का? मी म्हटलं, बघू, घाई नको. देणार आहेच.

११ मार्च
बॉस लिंडक्विस्टबाईंनी विचारलं, निरोगी पेशींवर टाकून पाहिलंस का? काय हा संशयी स्वभाव! टाकलं. त्याही मेल्या. यीस्टही मेलं. शेजारच्या टेबलावरच्या बेव्हर्लीने चाचणीसाठी वाढवलेल्या बारीक कोळंब्यासुद्धा गेल्या. ती म्हणाली, आता माझ्या घरच्या झुरळांवर टाकून बघ.
औषध जरा जोरदार आहे, इतकंच. डोस कमी करू.

१३ मार्च
सूट इस्त्रीला दिला. भाषणात नम्र दिसायचं.

१४ मार्च
बैठक. बेव्हर्लीने अर्क परस्पर तपासला होता. तांबं निघालं. बोटीच्या बुडाला तांबं मिसळलेला रंग लावतात, आणि तो लावतातच मुळी तिथे चिकटणारे जीव मारायला. माझा ब्रायोझोआ तेवढा त्यालाही पुरून उरलेला.
लिंडक्विस्टबाई चष्मा पुसत म्हणाल्या, वेंडेल, रंग उत्तम आहे हे तू निर्विवाद सिद्ध केलंस.
सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा. नोकरी गेली असं धरूनच चाललो होतो, पण बाईंनी सप्टेंबरपर्यंत मुदत वाढवली. अट एकच : रोज सकाळी नमुने मी आणायचे, समुद्रातून.
बढतीच म्हणायची.

१७ मार्च, सोमवार
पाण्यात उतरलो. शिडीची शेवटची पायरी, गुडघ्यापर्यंत. सुरुवात उत्तम. आजच्यापुरतं एवढं पुरे, असं वर ओरडून सांगितलं. बाई धक्क्यावरून म्हणाल्या, ते प्राणी तळाशी चिकटलेत बाळा, तुला भेटायला वर येणार नाहीत.
पुढची उडी मी स्वतःच्या निर्णयाने मारली. फक्त त्या क्षणी पाठीवर हात कोणाचा होता, हे वरच्या पायरीवर उभी असलेली बेव्हर्ली सांगत नाही.