न्हाणीघरातले गेनबामामा

सदाशिव पेठ, पुणे
माघ महिना, १९७९

तीर्थरूप आत्यास,

मच्छिंद्रचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (वहिनी, वर खाडाखोड दिसेल, ती पोस्टात झालेली नाही. हात सवयीनं 'सौ.' लिहून गेला. ते खोडलं, आणि त्या जागी आता जे लिहायचं असतं ते लिहवेना, म्हणून नुसतंच आत्या. हा कंस तिला वाचून दाखवू नका. कंसातलं तुमचं आणि कंसाबाहेरचं तिचं, अशी वाटणी आधीच करून ठेवतो.)

इकडे मी खुशाल आहे. तू कशी आहेस? थेंब घालतेस ना? इथल्या डॉक्टरांनी तुला समोर बसवून सांगितलंय की काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही, पण उरलेली हे थेंब धरून ठेवतात. तेव्हा आठवलं तर घालायचं असं ते औषध नाही. बजरंगदादाला नमस्कार. हे पत्र तुला वाचून दाखवणाऱ्या त्याच्या मंडळींना, म्हणजे उल्कावहिनींना, विशेष नमस्कार. काळ्या गाईचा पाय बरा झाला का? मी सांगितलेला पाला लावला असेल तर तो आधी काढा, मला तो दुसऱ्याच रोगावर सांगितलेला होता असं नंतर आठवलं.

तर मामांचा फोटो. वर्षश्राद्धाच्या आत आणतो म्हणालो होतो आणि आणणारच आहे, पण उशीर का झाला ते नीट लिहितो, नाहीतर दादा म्हणेल की याने हेही अर्ध्यावर सोडलं. (म्हणालाच असेल. अकरावी, सायकलचं दुकान, छापखाना, सगळं क्रमानं पाठ आहे त्याला.) मामांचा जगात एकच फोटो आहे आणि तो मी काढलेला, विहिरीवर मोटर बसवली त्या दिवशी. मी तेव्हा अनंतरावांच्या स्टुडिओत कामाला होतो आणि त्यांना विचारून कॅमेरा आणला होता. (न विचारता.) तुला आठवत असेल, मोटरला हार घातला, नारळ फोडला, मग सगळे ओळीनं उभे राहिले, घरचे, वायरमन, शेजारचे, एक बैलसुद्धा. मामा म्हणत होते, मोटरचा काढ, माझा काय काढतो. त्यांचं ऐकल्यासारखी मोटर मधोमध आली आणि मामा कडेला, टोपी तिरकी, हातात एक पाना, जो कुठे लावायचा ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. वीज आली ती मामा गेल्यावर. पाणी उपसलेलं त्यांनी पाहिलं नाही. असो. अख्खा फोटो बिस्किटाएवढा, आणि त्यात मामांचं तोंड मसुरीच्या डाळीएवढं.

मामांच्या तेराव्याला तू मला जवळ घेऊन म्हणालीस, मला दुसरं काई नगं, त्यांचं तोंड दिसंल एवढं मोठं करून आन, डोळं हायेत तवर. मी अनंतरावांकडे गेलो. एवढा मोठा फोटो मुंबईला पाठवून करावा लागेल म्हणाले, आणि जो आकडा सांगितला त्यात दुसरी मोटर आली असती. आता त्यांच्याकडे असताना मी अंधाऱ्या खोलीत बादल्या भरायचो. बादल्या भरता भरता जेवढं दिसलं त्यावरून माझी समजूत अशी की फोटो धुणं म्हणजे काय, तीन ताटं, दोन औषधं आणि एक लाल दिवा. घरीच करू.

घर म्हणजे मंदाकिनीबाईंचं. त्या माझ्या घरमालकीण, निवृत्त शिक्षिका, आवाज न चढवताही वरच्या मजल्यापर्यंत ऐकू येतात. जिन्यामागे सगळ्यांचं मिळून एक न्हाणीघर आहे, त्याला एकच झरोका. ते दुपारचं मागितलं, तर म्हणाल्या, मच्छिंद्र, अंधार भाड्यात धरलेला नाही. मग जाता जाता म्हणाल्या की दुपारी आम्ही झोपलेलो असतो, तेव्हा तिथे कोण काय करतं ते आम्हाला दिसत नाही. याला पुण्यात हो म्हणतात.

फोटो मोठा करायचं यंत्र विकत घेणं शक्यच नव्हतं, म्हणून डालड्याचा डबा घेतला, आत बल्ब लावला, मध्ये त्या फोटोची फिल्म आणि खाली भिंग बसवायचं ठरलं. भिंगासाठी जुन्या बाजारात गेलो आणि बाजाची पेटी घेऊन आलो. फार स्वस्त होती. (सूर लागत नव्हता. विकली.) पुढच्या खेपेला मात्र एका फुटक्या कॅमेऱ्याचं भिंग आणलं. झिरोच्या बल्बला पतंगाचा लाल कागद गुंडाळला. ताटांपैकी एक प्लॅस्टिकचं घमेलं, एक चिनी मातीचा पसरट वाडगा आणि तिसरी मंदाकिनीबाईंची पितळी परात, त्यांच्या परवानगीनं. (त्या झोपल्या होत्या.) झरोक्याला मामांची घोंगडी लावली, तू थंडीला म्हणून दिलेली. एक तिरीप बुजवावी तर दुसरीकडून उजेड यायचा, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या, कडीच्या भोकात मेण घातलं, आणि शेवटी दिवा विझवला तेव्हा हाताला हात दिसेना. (घोंगडीला नाक लावून जरा उभा राहिलो. तंबाखू आणि बैल, अजून वास येतो. मग आत्यालाही हळूहळू असंच होत जाणार का, असं मनात आलं, आणि दिवा लावला.)

आत्या, फोटो कसा येतो ते तुला सांगतो. डब्यातला उजेड क्षणभर पाडलेला कोरा कागद पहिल्या औषधात बुडवायचा आणि ताट हलवत राहायचं. आधी काहीच नाही. मग टोपीची कड, मग मिशा, मग भुवया, मग डोळे, विहिरीतून कुणी वर यावं तसा माणूस येतो. आला की लगेच उचलून दुसऱ्या औषधात टाकायचा. ते औषध त्याला आहे तिथे धरून ठेवतं, तुझ्या थेंबांसारखं. नाही उचलला तर तो काळा पडत जातो आणि पुन्हा दिसत नाही. पहिल्या दिवशी मामा वर आले आणि मी उचललंच नाही. बघत बसलो. मोटर चालू झाली का रे, असं विचारतील असं वाटलं, आणि झाली म्हणावं तर तुम्ही नव्हता हे कसं सांगावं, याचा विचार करेपर्यंत मामा काळे पडून गेले. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मन घट्ट करून उचलायला वाकलो तर दार धाडकन उघडलं, लख्ख उजेड आत, आणि मंदाकिनीबाई हंडा घेऊन उभ्या. पाणी आलंय, म्हणाल्या. तुमचे मामा थांबतील, नळ थांबायचा नाही. मग त्यांना परात दिसली. औषधानं ती काळीकुट्ट झाली होती. परातीला सुतक कुणाचं, एवढंच विचारलं.

चौथा कागद जमला. तो वहीच्या पानाएवढा फोटो मी संक्रांतीला घेऊन आलो होतो. तू अगदी नाकाजवळ धरून पाहिलास, हुबेहूब हायेत म्हणालीस, वर बोट ठेवून म्हणालीस, टोपी बघ, कायम तिरकी. आणि मग म्हणालीस, अजून मोठा कर. तुझ्या तोंडून हुबेहूब ऐकलं आणि मी एसटीत उभा राहून आलो तरी पाय दुखले नाहीत.

मोठा करायला घेतला तेव्हा नवीच अडचण. धरून ठेवणारं औषध कागदातच राहिलं तर फोटो पुढे पिवळा पडतो, म्हणून तो वाहत्या पाण्यात खूप वेळ धुवायचा असतो. आमच्या न्हाणीघरात पाणी वाहतं ते मंदाकिनीबाईंच्या हंड्यात. कालव्यावर गेलो तर तिथे बायका साबण लावून बसलेल्या. मग विचार केला, पाणी जिथून येतं तिथेच जावं. ओले फोटो बादलीत, बादली हँडलला, आणि सायकलवरून थेट खडकवासला. तिथे गेल्यावर काय सांगू, एवढं पाणी, वारा, लांबवर होड्या. मी बराच वेळ होड्याच बघत होतो. तेवढ्यात सगळ्यांत मोठा फोटो, ताटाएवढा, बादलीतून वाऱ्यानं उचलला आणि पाण्यावर पडला. मामा आकाशाकडे तोंड करून तरंगत निघाले. जन्मात पोहायला शिकले नाहीत, विहिरीवर दोरी धरल्याशिवाय उतरले नाहीत, आणि इतक्या ऐटीत चालले होते की मला हाक मारवेना. पहारेकरी मागून ओरडला, काय टाकलं पाण्यात, अख्खं पुणं पितं हे. मी म्हणालो, मामा आहेत. त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, अस्थी इथं सोडायच्या नसतात, आळंदीला जायचं. मी बरं म्हणालो. (आळंदीला सोडताना मी पुढे गेलो नव्हतो, वहिनी, तुम्हाला माहीत आहे. घाटावर चहाच्या टपरीशी उभा होतो. या खेपेला दिसेनासे होईपर्यंत थांबलो.) घरी येऊन हे मंदाकिनीबाईंना सांगितलं. म्हणाल्या, म्हणजे आता आमच्या नळाला येणार.

पण त्यानंतर बाईंनी न्हाणीघराचं दार एकदाही ठोठावल्याशिवाय उघडलं नाही. परवा तर हंडा बाहेर ठेवून त्या लाल दिव्यात माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. मामा वर येऊ लागले, आणि मी नुसताच बघत राहिलो तेव्हा हळूच म्हणाल्या, अहो, काढा आता त्यांना. काढले. म्हणून हा फोटो झाला. नंतर अंगणात धरून त्यांनी पाहिला, आधी जवळून, मग लांबून, आणि म्हणाल्या, लांबून माणूस आहे, जवळून रवा.

ते खरं आहे, आत्या, आणि तुला आधीच सांगून ठेवतो. मसुरीएवढं तोंड ताटाएवढं केलं की त्याचे दाणे सुटे होतात. बाजरी पसरल्यासारखी दिसते. दोन पावलं मागे सरलं की त्याच बाजरीतून मामा बघतात. तुला तर जवळ धरल्याशिवाय दिसत नाही. तेव्हा आता याहून मोठा कर म्हणू नकोस. याहून मोठा केला तर मामा उरणार नाहीत, नुसतं खळं उरेल. चौकट करायला टाकली आहे, श्राद्धाच्या आदल्या दिवशी घेऊन येतो. काळजी घे. थेंब घाल.

तुझा,
मच्छिंद्र

ता. क. – मामांच्या घोंगडीवर औषधाचे डाग पडले आहेत. येताना आणीन, पण धुवायला टाकू नका.

ता. क. दुसरा – (वहिनी, आता पत्र घडी घाला, संपलं म्हणून सांगा, आणि हे चुलीपाशी एकट्या वाचा. संक्रांतीला आत्याने फोटो उलटा धरला होता. टोपी म्हणून जिथे बोट ठेवलं तिथे मामांची हनुवटी होती. तुम्ही तिळगूळ आणायला आत गेला होता. मी काही बोललो नाही. तिला आता काहीच दिसत नाही, बहुतेक दिवाळीपासूनच, आणि ती कुणाला सांगत नाही. मग अजून मोठा कर कशाला म्हणाली, ते मला वाघोलीच्या फाट्यापर्यंत कळलं नाही. तिथे तुमचं बोलणं आठवलं, आत्या म्हणते फोटोपायी पोरगं एका जागी बसलंय, पुरा झाला की पुन्हा उडंल. म्हणून वरचं सगळं तिला दिसतं असंच धरून लिहिलं आहे. तुम्हीही तसंच वाचा. थेंबांचं दोनदा लिहिलं आहे, ते मोठ्यानं वाचा.

पत्र लिहिलं ते एवढ्याच कामासाठी. मी आलो की फोटो आधी तुमच्या हातात देईन. चौकटीला टांगायचा दोरा वरच्या बाजूला असेल. तिला देताना दोरा तिच्या बोटांना लागेल असा द्या, म्हणजे ती सुलटा धरेल. मग ती टोपीवर बोट ठेवेल आणि तिरकी हाय म्हणेल, आणि मला हो म्हणता येईल. टोपी खरंच तिरकी आहे, वहिनी.)