इरपाटोल्याची साक्ष खोटी होती

मी, येशुदास मुखरू दुर्गे, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा निवृत्त सुवार्तिक (ख्रिस्ती धर्मप्रचारक), राहणार सिरोंचा, जिल्हा गडचिरोली, कोणाच्या दबावाखाली नसताना आणि राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझे हृदय अशक्त झाले आहे, असे डॉ. अश्वजित रामटेके यांनी लिहून दिले आहे. बुद्धी शाबूत आहे, असेही त्याच कागदावर त्यांनीच लिहून दिले आहे. उद्या सकाळी मी एटापल्ली तालुक्यातील इरपाटोला या गावी निघणार आहे. गाडी नाल्यापर्यंतच जाते, पुढे सहा किलोमीटर पायी चालावे लागते. डॉक्टरांनी जाऊ नका म्हणून सांगितले आहे. मी जाणार आहे, म्हणून आधी हा कागद.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या वकील निशात शेख यांनी दोनदा बजावले, "काका, मृत्युपत्रात प्रवचन नसतं घालत." मी विचारले, कायद्यात मनाई आहे का? त्या म्हणाल्या, मनाई नाही. तेव्हा यात जे जास्तीचे आले आहे त्याची जबाबदारी माझी आहे, त्यांची नाही.

कलम १. सिरोंच्यातील माझे राहते घर, मागील परसासह, माझी एकुलती मुलगी पुनम हिला द्यावे. ती बल्लारपुरात शिक्षिका आहे. घर ठेवावे की विकावे हे तिने ठरवावे. माझ्या पत्नी सुगंधाबाई नऊ वर्षांपूर्वी वारल्या. त्यांचे दागिने पुनमकडे आहेतच.

सुगंधाबाईंबद्दल एक गोष्ट इथे नोंदवतो. मी बत्तीस वर्षे सभासभांतून एक साक्ष देत आलो. इरपाटोल्यात मरायला टेकलेली एक बाई माझ्या तीन दिवसांच्या उपास-प्रार्थनेने उठून बसली, अशी ती साक्ष. मी घरी परतलो की सुगंधाबाई दर वेळी एकच विचारत, "आणि त्या जंगूचं काय झालं?" जंगू म्हणजे तिथला माझा दुभाषा. मी म्हणत असे, बायबलातल्या पौल प्रेषिताला अर्ध्या वाटेवर टाकून त्याचा सोबती मार्क परत गेला, तसा तो गेला. आज वाटते, त्यांना काही माहीत नव्हते, पण माझ्यापेक्षा जास्त कळत होते.

कलम २. पेटी आणि दोन्ही कर्णे आमच्या चर्चच्या मंडळीला द्यावेत. पेटीचा डावीकडून तिसरा सूर लागत नाही.

कलम ३. कुंपणावरच्या लिंबाच्या झाडावरून शेजारी रहीम शेख यांच्याशी माझा अकरा वर्षे अबोला होता. मागच्या महिन्यात मी दोरी लावून मोजले. झाड त्यांच्याच हद्दीत आहे. पुनमने त्यांना तसे लिहून द्यावे. मी तोंडी सांगून आलो आहे. ते एवढे चकित झाले की मला बसा म्हणायचेही विसरले.

कलम ४. बैठकीतल्या भिंतीवर 'इरपाटोल्याच्या चमत्काराबद्दल' असे लिहिलेली जी तीन सन्मानपत्रे आहेत, ती माझ्या मागे कोणी ठेवू नयेत. साक्षीच्या कॅसेटी जाळाव्यात. पुनमने यूट्यूबवर टाकलेला व्हिडिओ मी तिला काढू दिलेला नाही. त्याखाली ही साक्ष खोटी आहे असे माझ्या नावाने लिहून तो तसाच ठेवावा, कारण त्यावरूनच मला खरे कळले. कसे कळले, ते सांगतो.

गेल्या फेब्रुवारीत, दुपारी, दारात एक मुलगी उभी राहिली. नाव करिश्मा पुंगाटी, अहेरीला नर्स. सोबत पन्नाशीची एक माडिया आदिवासी बाई होती. मुलगी म्हणाली, "तुमचा व्हिडिओ पाह्यला. तुम्ही त्यात जुरी म्हणून जिचं नाव घेता, ते माही आई. हे पाहा, आणली."

मी हात जोडून देवाचे उपकार मानायला लागलो. जुरीबाई माझ्याकडे निरखून पाहत होत्या. आता त्यांना मराठी येते, गावच्या अंगणवाडीत त्या मदतनीस आहेत. त्यांनी विचारले, "तुमीच ते का, ज्यांनी कोंबडा खाल्ला?"

मी म्हणालो, हो, उपास सुटला तेव्हा गावाने प्रेमाने जेवू घातले होते.

"जेवू नाई घातलं," त्या म्हणाल्या. "तुमाले चढवला होता. आमचे म्हातारे म्हणत, हा पांढऱ्या कपड्याचा पेन हाय, मोहाच्या झाडाखाली येऊन बसला. पेनाले कोंबडा द्या लागते. तुमी हासले अन् खाल्ला."

पेन म्हणजे त्यांचा देव.

हेच लुस्त्र गावात पौलाच्या बाबतीत झाले होते. लोक आपल्या बोलीत काय बोलतात ते त्याला आणि त्याचा सोबती बर्णबा याला कळले नाही. आपल्याला देव समजून बैल कापायला आणले आहेत हे कळताच दोघांनी अंगावरचे कपडे फाडले आणि ओरडत गर्दीत धावले. मी यावर किमान चाळीस प्रवचने केली आहेत. त्या प्रवचनांच्या शेवटी मी इरपाटोल्याची साक्ष देत असे.

मला बोली येत नव्हती. त्यासाठीच तर जंगू होता.

कलम ५. जंगू लच्छू कुळमेथे याच्याबद्दल मी पूर्वी जे जे बोललो आणि लिहिले, ते सर्व मी परत घेतो. मंडळीच्या समितीच्या दप्तरात 'भित्रा व अविश्वासू' असा माझ्या अक्षरात जो शेरा आहे, त्याशेजारी या कलमाची नक्कल चिकटवावी. घडले ते असे.

सन १९९३, भाद्रपद. आम्ही दोघे सायकली ढकलत इरपाटोल्यात पोचलो. मी एक्केचाळीस वर्षांचा, जंगू बावीसचा. तो माडिया, मी बोलायचो आणि तो बोलीत सांगायचा. तिसऱ्या दिवशी जुरीला ताप चढला, ती बरळू लागली. जंगू म्हणाला, "भाऊ, हा हिवताप हाय. डोक्यात गेला तं बाई मरंल. मी दवाखान्यातून सुईवाल्या बाईले घेऊन येतो."

मी म्हणालो, "प्रार्थनेवर विश्वास नाही तुझा? गेलास तर मला तोंड दाखवू नकोस."

तो गेला. मी गावाबाहेर मोहाखाली उपास धरून बसलो. उपासाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी जुरी आपल्या पायांनी चालत माझ्यापाशी आली, रडत रडत काहीतरी बोलली. मी दोन्ही हात वर करून 'हालेलुया' म्हणालो. ती येशूने मला उठवले म्हणते आहे, असे मी बत्तीस वर्षे सांगितले.

त्या फेब्रुवारीच्या दुपारी मी जुरीबाईंना विचारले, तुम्ही तेव्हा काय बोलला होता?

त्यांना एकेक शब्द आठवत होता. जंगू दोन भरलेले नाले ओलांडून बावीस किलोमीटर गेला होता आणि नर्सबाईंना घेऊन दुसऱ्या दिवशी आला होता. सुई दिली, गोळ्या दिल्या. नर्सबाई परतल्या. जंगूला गावात थांबायला सांगितले तर तो म्हणाला, भाऊ नाराज होतील. तो नाल्यापलीकडे जाऊन बसला. तिथे त्यालाच ताप भरला.

"मी सांगाले आली होती तुमाले," जुरीबाई म्हणाल्या, "तुमचा माणूस तिकडं पाण्यात थरथरून राह्यला, त्याले घेऊन या. चार बार सांगितलं. तुमी हात वर केले."

यानंतर काय झाले ते मला नीट आठवत नाही. करिश्माने मला पाणी पाजले. जुरीबाई पुनःपुन्हा म्हणत होत्या, "नका रडू बाबा, तो जगला. आमच्या माणसांनी खाटेवर उचलून नेला त्याले."

आणि मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. जंगू दर वर्षी भात कापून झाले की इरपाटोल्याला येतो. समितीने त्याला काढले तेव्हापासून येतो. आज त्या गावात अकरा घरे प्रभूचे नाव घेतात, माडिया बोलीत, जंगूने बसवलेल्या चालींवर. मी या साक्षीवर नागपूरपर्यंत हिंडलो आणि त्या गावात एकदाही परत गेलो नाही. रस्ता धोक्याचा झाला, दिवस वाईट होते, हे खरे. पण ते जंगूसाठीही तेवढेच वाईट होते. ज्या लुस्त्रात लोकांनी पौलाला दगड मारून, मेला समजून गावाबाहेर ओढून टाकले, तिथेच तो उठून परत गेला, आणि पुढच्या फेरीत पुन्हा गेला, भाऊबंद कसे आहेत ते पाहायला.

मार्चमध्ये पुनम मला बल्लारपुरात जंगूच्या खोलीवर घेऊन गेली. इतकी वर्षे तो बांबू उतरवण्याचे काम करत आला आहे. केस पिकलेत. मला पाहून उठला, म्हणाला, "बसा भाऊ." खोलीत एकच खुर्ची होती, ती त्याने पुसली.

मी विचारले, "तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगाले आलतो," तो म्हणाला. "समितीच्या बैठकीत. ताप उतरल्यावर पंधरा दिवसांनी. दारातच होतो. तुम्ही म्हणाले, याले बोलू देऊ नका."

मला हे आठवत नाही. मी खूप आठवून पाहिले, अजूनही पाहतो. ते दार आठवते, बैठक आठवते, त्या दिवशी पोहे होते ते आठवते. दारातला जंगू आठवत नाही. या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त हादरवणारी गोष्ट हीच आहे.

मी त्याच्या पाया पडायला वाकलो तर तो ओरडला, "अन् आता मले कोंबडा चढवता का भाऊ?" पुनमला हसू आले. मग आम्हा तिघांनाही आले, आणि हसता हसता मी पुन्हा रडलो.

कलम ६. मंडळीच्या तरुण सेवकांना देण्यासारखे माझ्याकडे फार नाही. पौलाच्या प्रवासांचे जे नकाशे मी कापडावर रंगवले, ते त्यांनी घ्यावेत. लाल रेघ पहिली फेरी, निळी दुसरी, हिरवी तिसरी. मी आयुष्यभर रेघा शिकवल्या. आता एवढेच सांगतो. जिथे जाल तिथली बोली शिका, नाहीतर लोक तुमचे काय करून राहिलेत ते तुम्हाला कळणार नाही. औषधाला अविश्वास म्हणू नका, पौलाच्या सोबत एक वैद्य हिंडत होता, आणि हे मला तेव्हाही पाठ होते. आणि मार्काची गोष्ट सांगायची तर शेवटपर्यंत सांगा. त्याच्यावरून पौल बर्णबाशी भांडला, त्याला सोबत घेतला नाही, एवढ्यावर मी थांबत असे. कैदेत म्हातारा झालेला तोच पौल पत्र धाडून मार्काला बोलावून घेतो, म्हणतो तो माझ्या कामाचा आहे. हे पान मी जंगूमुळे वाचत नव्हतो.

कलम ७. आलापल्लीच्या रस्त्याला लागून असलेली अर्धा एकर जागा माझ्या नावावर आहे. ती एका श्रद्धाळू गृहस्थाने माझी साक्ष ऐकून प्रार्थनाघरासाठी दिली होती. ते गृहस्थ आता नाहीत. त्यांच्या मुलांना मी सगळे सांगून जागा परत देऊ केली. थोरला मुलगा म्हणाला, "बाबांनी बाई वाचली म्हणून दिली होती. बाई तं वाचली ना? ज्यानं वाचवली त्याले द्या." म्हणून ही जागा जंगू लच्छू कुळमेथे याला द्यावी. काही कारणाने ती त्याला जाऊ शकत नसेल, तर जुरीबाई पुंगाटी यांना द्यावी. हे शेवटचे वाक्य वकीलबाईंनी घालायला लावले. असे वाक्य घालावे लागते म्हणाल्या.

कलम ८. उद्याच्या वाटेवर मला काही झाले तर जिथे होईल तिथल्या जवळच्या गावाला विचारून, त्यांनी जागा दिली तर तिथेच पुरावे. शव सिरोंच्याला आणण्याचा खटाटोप करू नये. इरपाटोल्यात मी काय बोलणार हे ठरले आहे: तुमचा कोंबडा मी खाल्ला, तो मला नको होता, मी माणूस आहे, आणि तुमच्या मुलीला मी वाचवले नाही. जंगू ते बोलीत सांगणार आहे. तो सोबत येत आहे. 'येशील का?' असे विचारायलाही मला तीन महिने लागले.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी पुनमने करावी.

इथपर्यंतचा मजकूर आज दुपारी माझ्या घरी निशात शेख यांनी सर्वांसमोर मोठ्याने वाचला. सहीला डॉ. रामटेके आणि रहीम शेख यांना बोलावले होते. सातवे कलम वाचून झाल्यावर कोपऱ्यात बसलेल्या जंगूने विचारले, "बाई, सही करणाऱ्याले यातलं काई भेटते का?"

निशात म्हणाल्या, "नाही. साक्षीदाराला या कागदातून काहीच मिळत नाही. कायदाच आहे तसा. म्हणून तुम्ही सही करायची नाही."

"काईच नाई? पक्कं?"

"पक्कं."

"मंग जागा जुरीबाईले जाते."

"हो, पण..."

"त्या जागेवर जुरीबाई एक खोली बांधून घेईल. दवाखान्यात आलेले आमचे लोक रस्त्यावर झोपतात." तो उठला, हात पँटला पुसले आणि रहीमभाईंना म्हणाला, "भाऊ, सरका जरासे. या माणसाची साक्ष मले देऊ द्या."

मी नको म्हणालो. वकीलबाई नको म्हणाल्या. त्याने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "आताही बोलू देत नाई का?"

मी पेन त्याच्या हातात दिला. वरील मजकूर वकीलबाईंनी लगेच जोडून घेतला आणि पुन्हा वाचून दाखवला. मग आम्ही तिघांनी एकमेकांच्या डोळ्यांदेखत सह्या केल्या.

लिहून ठेवणार: येशुदास मुखरू दुर्गे (सही)

साक्षीदार:
१. डॉ. अश्वजित रामटेके, सिरोंचा (सही)
२. जंगू लच्छू कुळमेथे, बल्लारपूर (सही)

ठिकाण: सिरोंचा
तारीख: २४ जून २०२५, मंगळवार