न पोहोचलेली लहर

॥ श्रीनागनाथ ॥
औंढा, वैशाख शुद्ध पंचमी, शके १८६९

ज्याच्या मस्तकी गंगा आणि कंठी हलाहल, तरीही ज्याच्या मुखावरची शांती ढळत नाही, त्या नागनाथाची कृपा तुझ्यावर असो. आणि हे पत्र पुरे होईपर्यंत माझ्या हातावरही असो.

प्रिय माणिक,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझ्या आईचे गुडघे उन्हाळ्यात जरा बरे आहेत. तातेराव परवा भर पारावर मला म्हणाला, "शास्त्रीबुवा, तुमचा लेक तिकडं हैदराबादेत बसून धरतरीचं पोट वाचून राहिला म्हनता, मग माझ्या हिरीला पानी कुठं लागंल ते काहून सांगत न्हाई?" सारे हसले. मीही हसलो. घरी येऊन मात्र ओसरीवर बराच वेळ बसून राहिलो.

गेल्या दिवाळीत याच ओसरीवर तू मला भूकंपाच्या लहरी समजावून दिल्यास, ते आठवत होते. भूमी एके ठिकाणी हादरली की तिच्या उदरातून दोन जातींच्या लहरी निघतात. पहिली पुढेमागे रेटत जाते आणि घन असो वा द्रव, सर्वांतून पार होते. दुसरी आडवी डोलत जाते आणि द्रवातून तिला वाट नसते. पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला ती दुसरी लहर पोहोचतच नाही, आणि तिच्या न पोहोचण्यावरूनच विद्वानांनी ओळखले की भूमीच्या गाभ्यात वितळलेला रस आहे. कोणी तेथे गेले नाही, कोणी खणले नाही. मला फार आनंद झाला, कारण हे आपल्या मीमांसकांचे सहावे प्रमाण होते: अनुपलब्धी. 'भूतलावर घट नाही', हे ज्ञान घट न दिसण्यानेच होते. जन्मभर मी हे विद्यार्थ्यांना शिकवले. तुझी आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता विचारले, "जे आलंच न्हाई, त्याच्यावरून काहून काही कळावं?"  ती कशाविषयी विचारते आहे, हे आपल्या दोघांनाही ठाऊक होते.

आपली मनकर्णा लग्न होऊन क्वेट्ट्याला गेली तेव्हा मीच तिच्या ओटीत नारळ घातला होता. जावई लष्कराच्या हिशेब कचेरीत. पत्रांतून ती तिकडच्या द्राक्षांची आणि बर्फाची वर्णने लिही. मग बारा वर्षांपूर्वीची ती वैशाख वद्य चतुर्दशी आली. सकाळी हैदराबादच्या वेधशाळेत तू भूकंपयंत्राचा कागद बदलायला गेलास, तर रेघ वेडीवाकडी होऊन गेलेली. दोन लहरींमधल्या अंतरावरून आणि पहिल्या धक्क्याच्या दिशेवरून तू हिशेब मांडलास, स्थळ वायव्येकडे निघाले, आणि मग तुझ्या ध्यानात आले की तिथे आपली मनू आहे. आम्हाला तार येण्याआधी तुला कळले होते, आणि कळून तुला काहीच करता येत नव्हते. जावयांचे देहावसान निश्चित झाले. मनूविषयी कोणी काही सांगू शकले नाही. लष्कराने शहर बंद केले होते. तू गेलास, तुला आत सोडले नाही. ढिगारे तसेच राहिले. आता तर तो मुलुख आपल्या देशात राहील की नाही, हेही कोणी सांगत नाही.

तुझ्या आईने जावई गेल्याचे मानले. "विधवा का व्हईना, येऊ दे," एवढेच ती म्हणते. दर दिवाळीला मनूसाठी लुगडे घेते आणि दर उन्हाळ्यात ती सारी उन्हात घालते.

नाहीशा झालेल्या माणसाची बारा वर्षे वाट पाहावी, नंतर पळसाच्या देठांची मनुष्याकृती करून तिला अग्नी द्यावा, असे शास्त्र आहे. हा पालाशविधी मी इतरांच्या घरी केला आहे. रडणाऱ्यांना धीराचे श्लोकही सांगितले आहेत. या चतुर्दशीला बारा वर्षे पुरी होतात. तातेरावाने देठ आणून दिले, ते पडवीत वाळत आहेत. परवा अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याचे घट भरले, तेव्हा एक घट मी अधिक भरला. कोणाचा, ते उच्चारले नाही. तुझी आई आली, तिने घट मोजून तो अधिकचा ओळखला, उचलून माजघरात नेला आणि त्यातले पाणी ओंजळीने प्याली. "हा घरातल्या मानसांचा हाये," म्हणाली. मला मंत्र पुढे आठवेना.

संध्याकाळी ती आपण होऊन माझ्यापाशी येऊन बसली. दिवाळीत तू आणखी एक सांगितले होतेस, ते तिने जपून ठेवले आहे. जिथे एकही लहर पोहोचू नये अशा छायेच्या पट्ट्यात कुणा परदेशी विदुषीला अगदी क्षीण लहरी आढळल्या, आणि त्यावरून वितळल्या रसाच्याही आत आणखी एक घट्ट गाभा असल्याचे तिने ताडले. "बाई हाये ती, म्हनून तिनं सोडलं न्हाई," तुझी आई म्हणाली. "बाकीच्यांनी काही न्हाई म्हनून कागद बांधून ठिवले असतील. माणिकला बोलवा. त्या दिवसाचा कागद त्यानं पुन्हा पाहावा. मनूचं काही बारीकसं आलं आसंल तर त्याला दिसंल. तो न्हाई म्हनला, तर मी तुमच्या आडवी येनार न्हाई."

माणिक, डोंगर हलवणाऱ्या लहरींच्या रेघेत एका लेकराचा श्वास उमटत नाही, हे मला कळते. म्हणूनच हे पत्र. तू ये. चतुर्दशीपूर्वी ये, हिंगोली स्टेशनावर तातेराव बैलगाडी घेऊन येईल. आई विचारील. 'कागदावर काही नाही,' असे म्हणालास तर ते खरे आहे, आणि मी देठांना आकार देईन. 'असले काही या कागदावर उमटतच नाही,' असे म्हणालास तर तेही खरे आहे, आणि ती मरेपर्यंत लुगडी उन्हात घालील. असती तर दिसलीच असती, अशा ठिकाणी न दिसणे, तेवढेच नसण्याचे प्रमाण. हा नियम मीच शिकवत आलो. मनू असती तर पत्र आलेच असते का? एवढे मला ठरवता येत नाही. दोन सत्यांतले कोणते आईपुढे बोलावे, हे सारे ग्रंथ उघडून पाहिले, सापडले नाही. तुला असत्य बोल म्हणणार नाही. कोणते सत्य बोल, हेही सांगवत नाही.

दिवस असे आहेत की हे पत्र वाटेत परक्या हातांनीही उघडले जाईल. ज्याची ज्याची दृष्टी या अक्षरांवर पडेल, त्याच्या घरी कोणाला वाट पाहावी लागू नये. आणि लागलीच, तर येणाऱ्याची पावले अंगणात वाजोत. सर्वांचे कल्याण असो.

तुझाच,
आप्पा