आडवी लाट वर येत नाही

४ ऑक्टोबर
आले एकदाची! भूकंपाचं नोंदघर चक्क जमिनीखाली आहे. बारा पायऱ्या उतरायच्या, की जाड लोखंडी दार. आत टेबल, सुईचं यंत्र, चहाची किटली. थंडगार. यंत्र सांभाळणारे काका इथे बावीस वर्षं आहेत. म्हणाले, वर ऊन आणि साहेब. खाली दोन्ही नाहीत.

काम माझ्या आवडीचं. नोंदघराखाली तीस मीटर खोल, अरुंद छिद्रात ठिकठिकाणी छोटी यंत्रं सोडली आहेत; प्रत्येकाची नोंद इथली सुई काढते. बारीकसा भूकंप झाला की मातीला आजूबाजूला हलवणारी आडवी लाट खालून वर येते. घट्ट मातीतून झपझप, सैल मातीतून रेंगाळत. तिला लागलेल्या वेळेवरून मातीची ताकद काढायची. मडकं वाजवून घेतात ना, तसंच. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणे, मातीच बघायची होती तर एवढं शिकलीस कशाला!

८ ऑक्टोबर
सकाळी हलका धक्का. लाटेला नेहमीच्या दीडपट वेळ लागला. मुख्य कार्यालयात साहेबांना फोन केला. नव्याचे नऊ दिवस, म्हणाले, वायर बघा. वायर धडधाकट आहे.

११ ऑक्टोबर
दोन धक्के. अठरा मीटरवरच्या वाळूतून आडवी लाट वर आलीच नाही. आडवी लाट पाण्यातून जात नाही. म्हणजे तिथली ओली वाळू पाण्यासारखी झाली आहे. दार चौकटीला घासतंय. काकांनी खांदा लावून उघडलं आणि वर म्हणाले, दोघंही फुगलोय, दार आणि मी.

१३ ऑक्टोबर
आता नऊ मीटरवरची वाळूसुद्धा. शेवटची पायरी आणि उंबरठा यांच्यात चार बोटं फट. खोली खचतेय. काका म्हणाले, "पोरी, गाशा गुंडाळू." साहेब म्हणाले, सोमवारपर्यंत थांबा. खरं सांगायचं तर मलाच थांबायचं होतं. अशी नोंद कुणाकडेच नाही. दोन दिवस काढा, म्हणून काकांना मीच गळ घातली.

१५ ऑक्टोबर, सकाळ
मोठा धक्का. दार उघडत नाही. दारातल्या काचेपलीकडे पायऱ्या दिसत नाहीत, नुसती माती. फोन मुका. नोंद मात्र अजून मुख्य कार्यालयात जातेय. काका फरशीवर हातोडा मारतायत. तीन ठोके, दोन, तीन. सुई प्रत्येक ठोका काढते. तिकडे साहेबांना दिसेलच. दिसायलाच हवं.

दुपार
फरशीच्या भेगेतून पाणी आणि वाळू. घोट्यापर्यंत. काकांचे हात सोलले, आता मी मारते.

यंत्रावरचा हिरवा दिवा विझला. म्हणजे तिकडून नोंद घेणं बंद केलं; इथली सुई चालू आहे. वायर बिघडली असंच वाटलं असेल त्यांना—

काकांना म्हटलं, मी अडकवलं तुम्हाला. रागावले नाहीत. म्हणाले, "तू लिहीत राहा. कुणीतरी वाचेल."

नंतर
गुडघ्यापर्यंत. दोघं टेबलावर. हातोडा माझ्या मांडीवर. काकांचे हात फडक्यात गुंडाळलेले.

सुई हलली.

तीन. दोन. तीन.

आधी तीस मीटरवरच्या यंत्रात. मग वीसवरच्या.

भूकंप असा ठोकत नाही. काका म्हणतायत, बघू नकोस—

आता दहावर. पुन्हा तीन, दोन—

फरशीला खालून—