आखाजीला बोलावलेला शिपाई

१२ एप्रिल १९९८, भेस्तान

आले बाई एकदाची सुरतेला! अमळनेरहून पॅसेंजरला बसले. शेजारच्या बाईने सरकून जागा दिली आणि त्या बदल्यात उधन्यापर्यंत तिच्या सुनेच्या तक्रारी ऐकवल्या. माझ्याकडे सुनेबद्दल सांगायला काहीच नव्हतं, नुसती मान हलवत राहिले. उज्ज्वला खरंच चांगली आहे. माझा वाल्मिक गेला तरी मला सोडलं नाही तिने. गावात एकट्या काय करता, इकडे या, असं तिनेच कळवलं.

खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली लूम चालतात, कापडाचे माग, खटाखट खटाखट. ताटातली आमटीसुद्धा थरथरते. मला छान वाटतं, घरात माणसं असल्यासारखं.

ही डायरी नातीने दिली, गायत्रीने. साडीच्या व्यापाऱ्याने फुकट वाटलेली. म्हणते, आजी, आम्ही दोघी कामावर गेलो की तू भिंतींशी बोलशील, त्यापेक्षा हिच्याशी बोल. चौथी शिकले मी, तीही अर्धी. पण बोलायला शाळा कशाला लागते?

१५ एप्रिल

गायत्री पर्वत पाटियाला एका ऑफिसात साड्यांच्या डिझाइन काढते, कॉम्प्युटरवर. जुना झालेला एक कॉम्प्युटर मालकाने तिला घरी दिला आहे. त्यात एक लढाईचा खेळ आहे. दुपारी मला करमत नाही म्हणून तिने शिकवला. मी आधी नको म्हटलं, मग काय, भाकरी करपली तरी उठेना!

पुढच्या काळातली गोष्ट आहे. जमिनीत निळं काहीतरी उगवतं, त्याच्यासाठी हिरव्या फौजेची आणि लाल फौजेची मारामारी. आपण हिरवे. आधी एक साहेब तोंड दाखवतो आणि इंग्रजीत सांगतो, लाल लोकांनी आपल्यावर किती अन्याय केला. गायत्री म्हणते, लालच्या बाजूने खेळलं तर त्यांचा साहेब हेच आपल्याबद्दल सांगतो. मग एक मोठी गाडी जाऊन निळं भरून आणते. न सांगता जाते, न सांगता येते. तुझ्या आजोबांपेक्षा बरी, म्हटलं मी. गायत्री खूप हसली. त्या निळ्यातून शिपाई होतात. शिपायावर टिचकी मारली की येस सर म्हणतो, जिकडे बोट दाखवू तिकडे चालायला लागतो.

साठ वर्षांत मला कोणी येस सर म्हटलं नव्हतं.

२१ एप्रिल

आता बऱ्यापैकी येतं. सगळा मुलूख आधी काळा असतो. आपला माणूस जाईल तेवढाच उजळतो. लाल ठिपका जवळ दिसला की शिपाई आपणहून गोळी घालतो, सांगावं लागत नाही. इंजिनियर म्हणून एक कसबी माणूस असतो, तो पाठवून त्यांच्या घरात घुसवला तर ते घर लालचं हिरवं होतं, आतल्या सामानासकट. मला हे फार आवडलं.

शेजारच्या मालतीबाई... नाही, त्या मालतीबाईंचं नाव कशाला घेतलं मी. शेजारीण कोकिळाबेन ती. मालतीबाई म्हणजे सुकदेवची बायको. डोक्यात तेच चालू असतं, म्हणून हातातून आलं.

लिहूनच टाकते. सुकदेव आमच्या बाजूच्या गावचा. त्यानेच वाल्मिकला इकडे आणलं, जवळच सचिन म्हणून गाव आहे, तिथे कापड रंगवायच्या एका डाइंगमध्ये लावलं. सुकदेव तिथला ठेकेदार. पाळीतून कोणी लवकर जाऊ नये म्हणून बाहेरून फाटकाला कुलूप लावायचा. दिवाळीच्या आधी वाफेचा पाइप फुटला. बाकीचे भिंतीवरून निघाले, माझा पोर फाटकाशीच राहिला. आणि सुकदेवने लिहून दिलं, वाल्मिक दारू पिऊन होता. सुपारीसुद्धा खात नव्हता तो.

२९ एप्रिल, आखाजी

अक्षय्य तृतीया, पितरांना जेवायला बोलवायचा दिवस; वाल्मिक गेल्यानंतरची ही पहिली आखाजी. गावाकडे असते तर चुलीच्या निखाऱ्यावर आगारी, पितरांचा घास, टाकली असती. इथे गॅस. सांजोऱ्या केल्या, आंबे आणले, घागर भरली. ठेवायची कुठे? खाली पाय ठेवायला जागा नाही. मी म्हटलं, कॉम्प्युटरच्या टेबलावर ठेवते, पूर्वेलाच आहे, बापाला बघू दे पोरगी कशावर कमावते. उज्ज्वला म्हणाली, आई, वायरीजवळ पाणी नको. मी ऐकलं नाही. नाव घेऊन बोलावलं त्याला. ये बाबा, जेव, पाणी पी.

दोघी मग बाजारात गेल्या आणि मी बसले खेळायला, राहवेना. पहिल्याच शिपायावर टिचकी मारली.

येस सर नाही म्हणाला.

म्हणाला, "माय, मी उनू."

मी आलो, असं. आमच्या बोलीत. त्याच्या आवाजात.

३० एप्रिल

घाबरले असं कोणी म्हणेल. छे. आनंदाने रडले. दुपारभर त्याला नुसतं इकडून तिकडे चालवलं, लहानपणी अंगणात चालवायचे तसं. प्रत्येक वेळी विचारतो, "सांग माय, कथा जाऊ?" कुठे जाऊ म्हणून.

संध्याकाळी काळा मुलूख थोडा उजळला आणि मी ओळखलं, वाल्मिक गेला ती जागा. पत्र्याची शेड, चिमणी, समोर फाटक. लाल रंगात. मी बोट दाखवलं.

२ मे

सचिनला, त्याच डाइंगच्या आवारात, सुकदेवच्या गोदामाला आग लागली! उज्ज्वलाने बातमी आणली. विझवायला गेला तर दोन्ही हात भाजले. मी देवापुढे साखर ठेवली. उज्ज्वला म्हणाली, आई, कोणाच्या वाईटावर असं हसू नये. मी म्हटलं, हसत नाही गं, दात दुखतो.

१० मे

गंमत बघा. सुकदेव घरी आला, हातांना पट्ट्या, सोबत मालतीबाई. हात जोडता येत नव्हते तर मान खाली घातली. म्हणाला, माझं चुकलं, मी खोटं लिहून दिलं, झोप येत नाही. आणि गायत्रीला मागितलं, त्याच्या मुलासाठी, आनंदासाठी. आनंदा तिच्याच ऑफिसात आहे. दोघांचं आधीच ठरलेलं, आम्हीच काय त्या अडाणी. उज्ज्वला रडून हो म्हणाली. पोराचा काय दोष, म्हणे.

मला वाटलं होतं उठून चप्पल घेईन. पण मनात दुसरंच आलं. आपला माणूस त्यांच्या घरात घुसवायचा. सुकदेव जाईल, पोरगी राज्य करेल, घर सामानासकट आपलं. मी म्हटलं, मुहूर्त कशाला बघता, आजच कुंकू लावून घ्या. मीच घाई केली. मालतीबाईने कुंकू लावलं, ओटी भरली. आमच्यात कुंकू लागलं की पोर त्यांची. मी तोंडभरून म्हटलंसुद्धा, घ्या बाई, आजपासून तुमची.

१३ मे

सुकदेव दिसला. छोटा लाल ठिपका, फाटकाच्या आत. वाल्मिकने विचारलं, कथा जाऊ. मी सांगितलं.

१४ मे

मेला. डाइंगमध्ये, फाटकाशी. फाटक म्हणे उघडंच होतं, तरी त्याला बाहेर येता आलं नाही. अंग वाफेने शिजल्यासारखं.

पुरण घातलं आज. सुतकाच्या घरी गायत्री गेली होती, म्हणून तिच्यासाठी झाकून ठेवलं. किती महिन्यांनी चव लागली तोंडाला. झालं बाबा तुझं, म्हटलं, जा आता सुखाने. जात नाही. तिथेच उभा.

१८ मे

लेव्हल संपतच नाही. गायत्रीला विचारलं, दुश्मनाचा मुख्य मेला तरी संपत कसं नाही. ती कपडे वाळत घालता घालता म्हणाली, मुख्य कोणी नसतो गं आजी. लालचा शेवटचा ठिपका पुसला जाईपर्यंत चालूच राहतं.

शेवटचा.

२१ मे

मालतीबाई गेल्या. न्हाणीघरात, गरम पाण्याचा हंडा उलटला.

मी सांगितलं नव्हतं. शपथ. मी आज हातसुद्धा लावला नव्हता.

शिपायाच्या डोक्यावर आता तीन चांदण्या आहेत. शाबासकीच्या.

२२ मे

कॉम्प्युटर बंद केला. वायर काढून कोठीत टाकली. काच काळी आहे, पण काळ्यात ठिपके चालतात. हिरवा एक. लाल दोन.

एक आनंदा. दुसरा कोण? त्यांच्या घरात अजून कोणी नाही. गावाकडे कोणी असेल. असेलच.

आखाजीची घागर नदीत सोडून आले. कोकिळाबेन मला बा म्हणतात, गुजरातीत आई तसं. म्हणाल्या, बा, उन्हात कुठे गेल्या होतात, तोंड उतरलंय. काय सांगू?

२४ मे, दुपार

आनंदा—

ऑफिसात साड्यांना वाफ द्यायच्या स्टीमरवर. गायत्रीच्या डोळ्यांसमोर.

एक लाल राहिला. पर्वत पाटियाहून निघाला आहे. रिक्षाच्या वेगाने. आमच्या रस्त्याने.

२४ मे, पुन्हा

ती आली, रडली, पडून राहिली. मी म्हटलं, अंगठी काढ, साडी परत कर, कुंकू पूस. पाया पडले तिच्या. ती चिडली. म्हणाली, त्यांच्या घरात रडायला कोणी उरलं नाही, मी आहे. मी त्यांचीच. तूच दिलंस ना मला?

मीच.

२५ मे

गायत्री तिकडे सुकदेवच्या तेराव्याचं बघायला गेली, माझं न ऐकता. उज्ज्वला सोबत. हिरवा ठिपका आमच्या जिन्यात आहे. सकाळपासून हलला नाही.

त्याच्याशी बोलले. काचेला तोंड लावून. म्हटलं, बाबा, पुरे. तो म्हणाला, "आखो एक शे." अजून एक आहे.

म्हटलं, ती गायत्री आहे. तुझी गायत्री. तुझ्या मांडीवर झोपायची.

त्याच आवाजात, लेकराने आईला समजवावं तसं—

"माय, ती लाल शे."

लूम बंद पडले आहेत. सगळे. वाफेचा वास—

खाली रिक्षा थांबली. तिचा आवाज. उज्ज्वला भाडं देते आहे, गायत्री पुढे निघाली. वर येऊ नकोस म्हणून ओरडले, खिडकीतून, तिला वाटलं मी बोलावते. हात हलवला तिने—

डायरी हातातच, जिन्यात जाते मी. मधे उभी राहते. मी हिरवी आहे. माझ्यावर तो गोळी—

जिना गरम आहे. कठड्याला हात लावत नाही. वाल्मिक, बाबा, माझ्याकडे बघ, मी तुझी आई, हिला मी पदराखाली घेते, मग कोणता रंग दिसेल तुला, सांग, कोणता