शून्य धुराची पाटी

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कारखान्यात काही बिनसलं की मी अजून मनातल्या मनात तुमच्याशीच भांडते. आज कागदावर भांडते आहे, कारण मनातलं भांडण पुरेना झालंय. आपल्या फाउंड्रीच्या गेटवर धाकट्याने एक हिरवी पाटी लावली आहे. कार्बन-तटस्थ कारखाना, असं तिच्यावर लिहिलंय. तुमच्या वेळी हे शब्द नव्हते, म्हणून साध्या भाषेत सांगते. आम्ही हवेत जेवढी घाण सोडतो तेवढी सगळी भरून काढली, आता आमच्या नावावर धूर शून्य, असं ती पाटी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. आबा, हे धादांत खोटं आहे. आणि गेट तुमच्या नावाचं आहे.

उन्हाळ्यात आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, ती पुण्याकडची ट्रॅक्टर कंपनी, तिचे साहेब आले होते. बरोबर एक सल्लागार. साहेब म्हणाले, परदेशातले लोक आता विचारतात, हा पार्ट ओतताना किती धूर केलात. दिवाळीच्या आत तुम्ही तटस्थ व्हा, नाहीतर काम दुसऱ्या फाउंड्रीला जाईल. आपल्या शेडमधली निम्मी माणसं त्यांच्याच कामावर उभी आहेत, म्हणून मी राग गिळून विचारलं, कसं व्हायचं? सल्लागार हसला. “मॅडम, भट्टी चाललीय तशीच चालू दे. धूर मोजायचा आणि तेवढ्या धुराला पुरतील इतकी झाडं दुसरीकडे विकत घ्यायची. हिशेब शून्य.” झाडं कुठं आहेत, विचारलं, तर म्हणाला, “मध्य भारतात कुठंतरी. तुम्हाला जायची गरज नाही.” मी अजून त्याच्याकडे बघत होते, तेवढ्यात साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि पार्टचा भाव जरा खाली आणा म्हणाले. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, साहेब, माल स्वच्छ भट्टीचा पाहिजे आणि पैसे काळ्या धुराचे देणार का? टेबलाखालून धाकट्याने माझ्या पायावर पाय दिला.

ते गेल्यावर मी त्याला बसवून सांगितलं, आपण खरं काम करू. भट्टीचं तोंड उघडं टाकून आपण आभाळ तापवतो, त्याला झाकण करू. साच्यात गरजेपेक्षा जास्त लोखंडाचा रस ओततो, तो थिजला की तोडतो आणि पुन्हा वितळवतो, तेच लोखंड आणि दुप्पट वीज. रसाची वाट लहान करू. हवेच्या पायपा सुट्टीच्या दिवशीसुद्धा फुसफुसत असतात, त्यांच्या गळत्या बुजवू. छतावर सोलर घालू. आणि जेवढा धूर उरेल तेवढा उरला असं त्यांना तोंडावर सांगू. धाकटा म्हणाला, “आक्का, तू म्हणतीस त्ये सगळं बरोबर हाय. पर त्याला वर्सं जात्यात. त्यास्नी पाटी दिवाळीच्या आत पायजे. सगळी करालेत की, आपणच काय घोडं मारलंय?”

सगळे करतात! हे वाक्य तुमच्यासमोर कुणी म्हणायची छाती केली नसती. उद्यमनगरातली जुनी शेड मला आठवते. मी शाळेतून येऊन केबिनच्या बाकावर गणितं सोडवते आहे, बाहेर दगडी कोळशाच्या कोकची भट्टी धडधडते आहे, आणि मागच्या गल्लीतल्या मावशी पापडांचं ताट घेऊन सरळ आत येतात. गच्चीवर वाळत घातलेले पापड. सगळ्यांवर काळे ठिपके. त्यांनी ताट तुमच्या टेबलावर आपटलं. “ह्ये जिरं न्हवं. तुमच्या भट्टीची काजळी हाय. खावा आता!” सगळी शेड थांबली. तुम्ही एक कच्चा पापड उचललात, मोडलात आणि त्यांच्या देखत खाल्लात. घरी आल्यावर जेवलाही नाहीत. त्यानंतर तुम्ही विजेच्या भट्टीचा ध्यास घेतलात, लोक हसले, तरी ती आणलीत. पहिल्या पूजेला मावशींना मानानं बोलावलंत. मला तेव्हा वाटलं होतं, धूर गेला.

गेला म्हणजे कुठं गेला, आबा? आपल्याला येणारी बरीचशी वीज अजून कोळसा जाळूनच होते. काजळी पडायची ती पडतेच, फक्त ती आता दुसऱ्याच कुणाच्या गच्चीवर पडते, आणि त्या बाईला ताट घेऊन एवढ्या लांब आमच्या केबिनमध्ये येता येत नाही. धूर लांब आणि तो फेडणारी झाडंही लांब. मधे आम्ही, पाटीखाली, स्वच्छ. याचा मला इतका संताप येतो की रात्री दात आवळले जातात.

आणि तुम्हीही सुटत नाही. त्या पहिल्या विजेच्या भट्टीचं आतलं अस्तर एकदा गार होताना तडकलं, म्हणून पहिल्या नवरात्रात तुम्ही ती गारच होऊ दिली नाहीत. आई कौतुकानं म्हणाली, घरात नंदादीप, तिकडं भट्टी. झालं, तुम्ही रीत घालून दिलीत. नवीन मोठी भट्टी आली तरी ही जुनी भट्टी नऊ दिवस रसानं भरून तापत ठेवायची, तिच्यातून थेंब ओतायचा नाही, आणि खंडेनवमीला पूजा झाली की मग रस काढायचा. नऊ दिवस कुणासाठी वितळलेलं लोखंड, आबा? देवी असं काही मागते का? यंदा मी सांगितलं, भट्टी बंद राहील. तुम्हीच कामावर घेतलेले भट्टीवरचे मामा, आता सगळं डोकं पांढरं झालंय त्यांचं, माझ्याकडे असे बघायला लागले जसं मी घट विसर्जन करायला सांगतेय. “ताई, आबांनी घालून दिल्याली रीत हाय. देवीच्या दिसांत भट्टी इझवू न्हाई.” मी त्यांना विजेचं, कोळशाचं सगळं सांगितलं. ते मान हलवत भट्टीकडे निघून गेले. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आपण होऊन आले. “आबांनी त्यो पापड खाल्ल्याला म्या बगितलाय,” म्हणाले. “करतो बंद.” आणि पायातल्या चपला काढून त्यांनी स्वतः बटण दाबलं. गाल ओले होते त्यांचे. त्या दिवशी मला वाटलं, आपण काहीतरी खरं केलं.

त्याच आठवड्यात मी शिरोळला एका लग्नाच्या बोलणीला गेले, तेवढ्यात धाकट्याने सल्लागाराच्या कागदांवर सही केली आणि मी परत येईपर्यंत पाटी गेटवर. केबिनचं दार लावून मी त्याच्यावर ओरडले, आवाज बाहेर साचे करणाऱ्या पोरांपर्यंत गेला असणार. ही पाटी काढ, म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, “काढ की तू. मग पोरास्नी घरी बसायलाबी तूच सांग.” मी दार उघडून बाहेर आले, पाटी तशीच राहिली. त्याचं चुकीचं नव्हतं याचाच राग सगळ्यात जास्त आहे. ज्यांनी भाव पाडला त्यांना कुणी जाब विचारत नाही, ज्याने झाडं न बघता विकली तो पुढच्या कारखान्यात पोचलाय, आणि केबिनमध्ये भाऊ-बहीण एकमेकांचा गळा धरून बसलोय.

परवा खंडेनवमी झाली. मामा झेंडूच्या हारांची टोपली घेऊन मशिनी पूजत फिरत होते, लेथ, ग्राइंडर, मोठी भट्टी, मग ती गार पडलेली जुनी भट्टी. शेवटी एक हार उरला. तो घेऊन ते गेटकडे गेले, त्यांच्यामागे सगळी पोरं, मागून धाकटा आणि मी. पाटीखाली उभं राहून मामांनी मला विचारलं, “ताई, हिलाबी घालू न्हवं? आपण नऊ दिस भट्टी थंड ठिवली, त्याचीच ही पाटी मिळालीया. म्या पोरास्नी सांगिटलंय तसं.” चेहरा असा फुललेला होता त्यांचा. धाकटा माझ्याकडे बघत होता, पोरं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, घाला मामा.

हे पत्र मी कारखान्यात ठेवणार नाही आणि घरीही नाही; मामांच्या कुणा नातवाच्या हाती लागलं आणि त्याने त्यांना वाचून दाखवलं तर काय? एवढं मात्र तुमच्यापासून लपवत नाही. हार पाटीला पुरत नव्हता, आबा. एक टोक मामांनी बांधलं आणि दुसरं मी ओढून बांधलं.